माझ्या गोळ्या खाणाऱ्या दादांना

दादा,

काल रात्री गेममधल्या एका उड्डाणात दोन विमानं पाडून तळावर उतरलो, तेव्हा तोफेत निम्म्याहून जास्त गोळ्या शिल्लक होत्या. ही बातमी पहिली तुम्हालाच द्यायची होती, पण तुम्ही ऑनलाइन नव्हतात. मग म्हटलं, आभार मानायचेच तर सगळ्यांसमोर मानू.

'आयएल-२' या दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढायांच्या गेममध्ये मी स्पिटफायर मार्क ५ हे ब्रिटिश लढाऊ विमान सोडून कशालाच हात लावत नसे. कारण एवढंच, की ते देखणं आहे. (अजूनही आहे, त्यावर वाद नको.) पंखांतल्या दोन तोफांना प्रत्येकी ६० गोळ्या, ट्रिगर दाबून धरला की पाच-सहा सेकंदांत खडखडाट. आणि मी दाबायचो कुठून, तर ५०० मीटरवरून! वर शिव्या पिंगला, म्हणजे इंटरनेटच्या संथपणाला.

तुम्ही 'नेम सुधार' असं एकदाही म्हणाला नाहीत. मला मेसरश्मिट १०९ एफ-४ या जर्मन विमानात बसवलंत, स्वतः स्पिटफायर घेतलंत आणि दोन तास माझ्यासमोरून सरळ रेषेत उडत राहिलात. मी मारायचो, तुम्ही पडायचात, पुन्हा यायचात. हेडफोनमध्ये एकच शब्द: 'थांब.' स्पिटफायरचे पंख ११ मीटरचे. रेव्ही साइटचं, म्हणजे १०९ मधल्या नेम धरायच्या काचेवरचं वर्तुळ मागून ते काठोकाठ भरतात तेव्हा अंतर सुमारे ११० मीटर. 'भरू दे, मग दाब.'

ताशी ४०० किमीने आडवं जाणारं विमान सेकंदाला १११ मीटर कापतं, हे गणित तुम्ही मला पहिल्यांदा करायला लावलंत. ३०० मीटरवरून गोळी पोचेपर्यंत ते चार-पाच विमानांच्या लांबीइतकं पुढे गेलेलं असतं. १०० मीटरवर जेमतेम दीड. म्हणजे माझा हात वाईट नव्हता, घाई वाईट होती.

आणि १०९ ची ती नाकातली तोफ! जिथं नाक, तिथं गोळी. पंखांतल्या तोफांचे मारे ठरावीक अंतरावर एकत्र येतात, अलीकडे-पलीकडे शत्रू त्यांच्या मधून निसटतो. १९४० मध्ये मलानसारख्या ब्रिटिश हवाई दलातल्या वैमानिकांनी आपल्या बंदुका ४०० ऐवजी २५० यार्डांवर का जुळवून घेतल्या, ते मला १०९ ने शिकवलं. स्पिटफायरशी वळणात झुंजायचं नाही, हे मात्र मी चार वेळा मरून शिकलो. तेव्हाही तुम्ही हसला नाहीत. निदान माइक चालू ठेवून तरी नाही.

आता पुन्हा स्पिटफायरवर आलोय, जुळणी २०० मीटरवर ठेवून.

आपल्या गटात एक नवा मुलगा आलाय, लांबूनच पट्टे रिकामे करतो. रविवारी रात्री त्याच्यासमोर सरळ रेषेत मी उडतो. तुम्ही फक्त माइकवर बसा आणि त्याला 'थांब' म्हणा. तो शब्द तुमच्याइतका जमत नाही मला.

तुमचा,
गोळ्या वाचवायला शिकलेला विंगमन