एकवीस पेट्यांमधली गाडी

ॲबिंग्डन, इंग्लंड
रविवार सकाळ

प्रिय गड्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गॅरेजात होतो, हात ग्रीसने माखलेले, म्हणून दोन वाक्यांत उरकलं. "गाडी विकतोयस म्हणे?" एवढं विचारून तू गप्प झालास. ते गप्प होणं दोन दिवस डोक्यात आहे, म्हणून आज सविस्तर लिहितो.

होय, एमजीबी, माझी ती जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, विकतोय. जशी आहे तशी, म्हणजे सुटी. सांगाडा चाकांच्या फ्रेमवर, इंजिन स्टँडवर आणि बाकी सगळी २१ पेट्यांत. जोडलेली गाडी एका गॅरेजात मावते, पण सुटी केलेली दोन गॅरेजांत मावत नाही, हे इतक्या वर्षांत पुरतं कळलं.

आम्ही लेस्टरला लेकीजवळ राहायला चाललोय आणि तिथे गॅरेज नाही. सगळ्यांना हेच कारण सांगतो आणि ते खरंच आहे. पण तुला दुसरंही सांगायला हवं. जानेवारीत डॅशबोर्डच्या सामानातली एक पिशवी उघडली. आत सात स्क्रू, एक पितळी वॉशर, आणि वर माझ्याच अक्षरात 'डावीकडचे' एवढंच. कशाच्या डावीकडचे? तासभर थंडीत बसलो, आठवेना. सुटी करताना वाटलं होतं, हे काय विसरायचंय! गाडी ज्याने सुटी केली त्याच्या डोक्यात ती जोडलेली असते, त्या भरवशावर मी होतो. आता माझ्या डोक्यातलीही सुटायला लागलीय. अजून दोन वर्षं थांबलो तर मी गाडी नाही, भंगार विकत असेन. त्याआधी जे आठवतंय ते दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करायचंय.

तुझ्या आबांच्या ॲम्बॅसिडरची आठवण येते बघ. ही गाडी पहिल्यांदा बघायला गेलो आणि बॉनेट उघडलं, तेव्हा परक्या देशातलं यंत्र बघतोय असं वाटलंच नाही. आबांच्या गाडीत १४८९ सीसीचं बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी सिरीज इंजिन होतं. हिच्यात त्याच घराण्यातलं १७९८ सीसीचं. कार्ब्युरेटरही तेच एसयू, फक्त एकाच्या जागी दोन. कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये तेल घालायला आबांनी शिकवलं होतं, ते इथे हात आपोआप करू लागला. आणि पाने सगळे इंचातले, म्हणजे आपले सूतातले! इथल्या तरुण मेकॅनिकांना त्यांची सवय राहिलेली नाही.

ही १९६६ ची, इथंच जोडलेली. ॲबिंग्डनच्या कारखान्यात बॉडी बाहेरून यायची, इंजिनं बाहेरून यायची, इथे नुसती जोडणी. पुढे सरकणारा पट्टा नव्हता, माणसं गाडी हातांनी ढकलत पुढच्या कामाला न्यायची. १९८० मध्ये कारखाना बंद पडला, तोवर पाच लाखांवर एमजीबी झाल्या होत्या. म्हणजे माझी गाडी या गावात एकदा पेट्यांतूनच उभी राहिली होती. दुसऱ्यांदा मी उभी करणार होतो.

कुठे अडलो ते तुलाच कळेल. हिला वेगळी चेसी नाही, पत्र्यावरच सगळा भार. वर टप नाही, म्हणून दाराखालच्या सिलवर जास्तच. बाहेरून एक पट्टी दिसते, पण आत थरावर थर आहेत: बाहेरचा सिल, मधला पडदा, आतला सिल, खाली कॅसल रेल. पाणी या थरांत शिरतं आणि आतून खातं. नुसता बाहेरचा पत्रा बदलून रंग मारणारे पुष्कळ, माझ्या आधीच्या कुणीतरी तेच केलं होतं. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करावे लागतात, नाहीतर सांगाडा मधोमध बसतो आणि पुढे दार कधीच नीट लागत नाही. डावी बाजू मी पूर्ण केली. तीन हिवाळे गेले, पण दार अजूनही एका बोटाने लागतं. उजवी तशीच आहे. मग खांद्याचं ऑपरेशन झालं आणि आडवं पडून वेल्डिंग करायचं संपलं.

यादी करायला सहा रविवार लागले. मी पिशवी उघडायचो, बायको लिहून घ्यायची. काय आहे याच्यापेक्षा काय नाही ते नीट लिहिलं. बंपरवरचा एक ओव्हररायडर क्रोमवाल्याने हरवला, तो नाही. मागच्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या खालचा पत्रा कुजलाय. वायरिंगच्या पेटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पॉझिटिव्ह अर्थ आहे', म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. इंजिनाला ४० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर झालाय, क्रँक घासून घेतलाय, पण जोडलेलं नाही.

किंमत १८०० पौंड ठेवली. खर्च त्याच्या कितीतरी पट झाला, तो हिशेब मी सोडून दिलाय. पहिला आला त्याला इंजिन आणि तारांची चाकं हवी होती, बाकी तो फेकणार होता. ४०० जास्त देत होता. दुसऱ्याला फक्त कागद आणि चेसी नंबरची पट्टी हवी होती. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स नाही, त्यामुळे अशा कागदांना गिऱ्हाईक असतं. दोघांनाही नाही म्हटलं. त्या रात्री मला शांत झोप लागली.

तिसरा विशीतला पोरगा, ट्रॅक्टर दुरुस्तीचं शिकतोय. बापाला घेऊन आला होता. किंमत विचारायच्या आधी टॉर्च घेऊन उजव्या सिलखाली आडवा झाला. बाहेर आला आणि विचारलं, "पाइप वेल्ड करताना गाडी चाकांवर होती का घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर?" मर्दा, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता! चाकांवर होती, हे मला लख्ख आठवत होतं. व्यवहार तिथेच ठरला. माझी अट एकच, अडलास की फोन करायचा, रात्र असो की दिवस. ६४० फोटोही त्याला दिले.

आता तुझ्या कामाचं. २०१४ ला कोल्हापूरच्या उद्यमनगरात तू लेथवर काढून दिलेले किंगपिनचे, म्हणजे पुढची चाकं ज्यावर वळतात त्या पिनांचे, चार गनमेटलचे बुश नऊ नंबरच्या पेटीत आहेत. काल ते काढून खिशात घातले, लेस्टरच्या घरी ठेवायला. रात्री परत जाऊन पेटीत ठेवले. पिशवीवर लिहिलं, 'किंगपिन बुश, ४ नग, कोल्हापूरला केलेले, रीमर मारायचा बाकी.' म्हणजे आतलं भोक अजून मापात आणायचंय.

शनिवारी सकाळी नऊला ट्रेलर येतोय. रीमरसाठी तू आत किती थाऊ सोडले होतेस, तेवढं त्याआधी कळव. पोराला लिहून द्यायचंय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना रूम पार्टनर