विश्रांती नव्हे, बेताची हालचाल

जागतिक फायब्रोमायल्जिया दिनानिमित्त (१२ मे) आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर दीर्घकाळ टिकणारे दुखणे, सोबत थकवा आणि बिघडलेली झोप. या दुखण्याला ‘मनाचे खेळ’ म्हणू नका, हे त्यात ठामपणे सांगितले, याबद्दल आभार. मात्र ‘भरपूर विश्रांती घ्या’ हा सल्ला पटला नाही.

युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सुधारित शिफारशी केल्या, तेव्हा सर्व उपचारांत जोरदार शिफारस झाली ती फक्त व्यायामाची. औषधांना तेवढे बळ मिळाले नाही. मी अनेक वर्षे या आजारासोबत जगते आहे. पडून राहिले की अंग आणखी आखडते, झोपही बिघडते. उलट बऱ्या दिवशी सगळी कामे उरकायला गेले, तर पुढचे काही दिवस अंथरुणात जातात. म्हणून रोज थोडेच, पण ठरलेले चालायचे. वाढवायचे तेही आठवड्यांच्या हिशेबाने. दुखणे पूर्ण गेलेले नाही, तरी स्वयंपाक, वाचन, नातवंडे हे सारे मला परत मिळाले आहे.

जिल्हा रुग्णालयांच्या फिजिओथेरपी विभागांनी अशा रुग्णांसाठी छोटे व्यायामगट सुरू करावेत आणि घरच्यांनाही त्यात बोलवावे, ही विनंती.

– एक वाचक, सातारा