किलोमीटर विचारता, मग रबराचे वयही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत ‘दहा वर्षे जुनी, फक्त 35,000 किमी’ असे दिसले की घेणारा हुरळून जातो. मीटर मागे फिरवलेले नाही, हा आकडा अगदी खरा आहे, असे धरले तरी त्यात हुरळण्यासारखे फारसे काही नाही. मधल्या आकाराच्या दहा-बारा वर्षांच्या गाडीत लोखंड सहसा दगा देत नाही. दगा देते ते रबर, प्लॅस्टिक आणि तेल-पाणी. ही मंडळी गाडी उभी असली तरी म्हातारी होतात. शिवाय कमी चाललेल्या गाडीत ती बदललेली असण्याची शक्यताही कमीच, कारण मालक ‘अजून किलोमीटर कुठे भरलेत’ म्हणत थांबलेला असतो.

इंजिनातले व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) पिस्टनच्या तालात उघडमीट करवणाऱ्या रबरी पट्ट्याचे, म्हणजे टायमिंग बेल्टचेच घ्या. कंपनी त्याची मुदत किलोमीटर आणि वर्षे अशी दोन्हींत देते आणि जे आधी भरेल ते धरायचे असते. बऱ्याच इंजिनांत ती 60,000 ते 1,00,000 किमी किंवा पाच-सात वर्षे असते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. बेल्ट तुटण्याआधी बहुधा कुठलाही आवाज करत नाही. तुटला की कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जागच्या जागी थांबतो, पिस्टन मात्र वेगात वर येतच राहतात आणि बऱ्याच इंजिनांत उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात. तसे झाले की हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. बेल्ट बदलताना टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून व वाटेवर धरणाऱ्या पुल्या) आणि बेल्टवरच फिरणारा पाण्याचा पंपही त्याच वेळी बदलावा. खोलण्याची मजुरी एकदाच लागते. ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) पाझरत असेल तर तेही तेव्हाच, कारण तेलाने भिजलेला बेल्ट मुदतीची वाट पाहत नाही. ‘आमच्या गाडीला बेल्टऐवजी चेन आहे, काळजी नाही’ म्हणणाऱ्यांनी सकाळी थंड इंजिन सुरू करून कान द्यावा. पहिले दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली तर बहुधा चेन ताणली आहे किंवा टेन्शनर ढिला पडला आहे. इंजिन ऑइल वेळेवर न बदलण्याचे हे बऱ्याचदा फळ असते.

कमी चाललेल्या गाडीचा आणखी एक रोग म्हणजे जवळच्या जवळच्या फेऱ्या. इंजिन पुरते तापतच नाही, त्यामुळे ऑइलमध्ये उतरलेले पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. ऑइलचे झाकण उघडल्यावर आत लोण्यासारखा पांढरट थर दिसला की लोक हेड गॅस्केट (हेडखालची, ऑइल आणि पाणी वेगळे ठेवणारी पट्टी) गेले म्हणून घाबरतात. आधी तो पुसावा, गाडी तासभर सलग चालवावी आणि पुन्हा पाहावे. थर परतला नाही, कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळीही जागेवर असली, तर ती नुसती वाफ होती. पातळी मात्र दर आठवड्याला उतरत असेल आणि डिपस्टिकवरचे (ऑइल मोजायच्या काडीवरचे) ऑइलही दुधाळ असेल, तर घाबरावेच.

कूलंटबद्दल सर्वात जास्त निष्काळजीपणा दिसतो. निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालते. साध्या पाण्याने टॉप-अप करत राहिले की गंजरोधक पातळ होते आणि रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात. रंग पाहून कूलंट मिसळू नये. हिरवा, लाल, गुलाबी हे रंग कंपनीगणिक बदलतात. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) क्लिपजवळ चिमटीत धरून दाबावा. तो पिकल्यासारखा मऊ लागला, किंवा आतून करकर आवाज आला, तर त्याचे दिवस भरले. होज जिथे रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीला जोडतो ती तोटीही पाहावी. काळे प्लॅस्टिक तपकिरी पडले असेल तर ते ठिसूळ झाले आहे, उद्या होज बदलताना हातातच येईल. एसी लावून पुढचा पंखा फिरतो का हेही बघून घ्यावे.

तापमानाच्या काट्यावर विसंबू नये. अनेक गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. हलला म्हणजे उशीर झालेलाच असतो. पाणी पूर्ण संपले तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. हीटरमधून अचानक गार हवा येऊ लागली की गाडी बाजूला घेऊन बंद करावी. झाकण मात्र गरम असताना उघडू नये. आतले पाणी दाबामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते. दाब सुटताच ते उसळून अंगावर येते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते. डॉट 4 या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान 230 अंश असावा लागतो, त्यात 3.7 टक्के पाणी शिरले की 155 अंशांची हमी उरते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल तळाला जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे, गाडी किती चालली याच्याशी त्याचा संबंध नाही. टायरचेही तसेच. बाजूच्या भिंतीवर ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या खुणेच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. नक्षी भरपूर असूनही भिंतीला बारीक भेगा असतील तर तो टायर गेला. स्टेपनीचे आकडे कोणी वाचत नाही, तेही वाचावेत.

सेल्फ संथ फिरतो म्हणून बॅटरी बदलणाऱ्यांनी आधी मल्टिमीटर लावावा. उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 हवेत. दोन्ही ठीक असतील तर इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी गंजली आहे का ते पाहावे.

गाडी घरी आली की आधी ब्रेक, टायर, बेल्ट आणि कूलिंग यांवर हात घालावा. नवे सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिम थांबू शकतात.

आपल्या वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातींच्या अर्जात किलोमीटरच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने द्यावेत, ही विनंती: बेल्ट कधी बदलला, कूलंट व ब्रेक ऑइल कधी बदलले, आणि टायरचे चार आकडे. विकणाऱ्याने ते कोरे सोडले, तरी घेणाऱ्याला काय विचारायचे ते कळेल.

आपला,
एक वाचक