फायरप्लेसची चौकट

वुस्टर, मॅसॅच्युसेट्स
१८ जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण गेल्या महिन्याभरातल्या सगळ्या सुट्ट्या तळघरात लाकूड तासण्यात गेल्या. आमच्या जुन्या घराच्या दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस आहे. आधीच्या मालकाने तिच्याभोवतीची लाकडी चौकट काढून टाकल्यामुळे ती भिंतीला पडलेल्या भगदाडासारखी दिसत असे. चौकट म्हणजे दोन बाजूंना दोन खांब, त्यांवर एक रुंद आडवी पट्टी आणि सर्वांत वर मॅन्टल म्हणतात ती फळी. एवढ्याशा कामाला सुतार कशाला, असे मला वाटले, आणि तिथेच मी फसलो.

इथल्या बांधकाम नियमांत या चौकटीचे एक गणित आहे, ते सुतारकाम करणाऱ्या तुझ्या अण्णांना नक्की आवडेल, कारण ते सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, मांडता येते. आगीच्या तोंडापासून सहा इंचांच्या आत लाकूड अजिबात चालत नाही. सहा ते बारा इंचांच्या दरम्यान लाकूड तोंडापासून जितके इंच दूर असेल, तितकेच सूत ते भिंतीच्या पुढे येऊ शकते. म्हणजे सहा इंचांवर सहा सूत, अर्थात पाऊण इंच. आणि इथल्या वखारीत जिला एक इंची म्हणतात ती रंधलेली फळी प्रत्यक्षात नेमकी पाऊण इंचच भरते! मी मात्र शोभेसाठी आतल्या कडेने सव्वा इंच जाडीची नक्षीपट्टी बसवली होती, तीही तोंडापासून साडेसहा इंचांवर. सव्वा इंच म्हणजे दहा सूत. तिची जागा दहा इंचांच्या पलीकडे. दोन रविवार खर्चून केलेले काम मी निमूटपणे उखडले. लाकूड लगेच पेटेल अशी ही भीती नाही. वर्षानुवर्षे तापत राहिलेले लाकूड आतून हळूहळू कोळशाकडे झुकते आणि मग पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी उष्णतेलाही पेट घेऊ शकते, हे त्यामागचे कारण आहे.

आता आतल्या बाजूला सपाट पाऊण इंची फळी आहे, तिची नक्षीपट्टी मागे सरकली आहे आणि आठ इंच पुढे येणारी मॅन्टलची फळी तोंडापासून चौदा इंच वर आहे. मधली सहा इंच वीट मी ब्रशने घासून उघडीच ठेवली. खरे सांगायचे तर नियमाने लादलेली ही रचना माझ्या मूळ आराखड्यापेक्षा देखणी झाली आहे.

लाकूड पॉप्लर घेतले. सागवान इथे सोन्याच्या भावाने मिळते, आणि पाइन स्वस्त असले तरी त्याच्या गाठींतला चीक रंगातून पिवळा होऊन वर येतो. तो अडवायला आधी लाखेच्या पॉलिशचा हात द्यावा लागतो. (लाख बहुधा आपल्याच झारखंड-छत्तीसगडकडची!) पॉप्लर हिरवट, काहीसे निस्तेज असते, पण रंग उत्तम धरते.

खरी परीक्षा बसवताना झाली. ओळंबा सोडला तेव्हा भिंत मध्यभागी आत गेलेली दिसली, आणि पाणसळ ठेवल्यावर खालची दगडी लादी डावीकडे तीन सूत उतरती निघाली. टेपने घेतलेली मापे व्यर्थ ठरली. तेव्हा मला तुमच्या ओटीवरचे अण्णा आठवले: माप न घेता फळीच भिंतीला टेकवायची आणि खिळ्याने भिंतीच्या वळणाची रेघ तिच्यावर ओढायची. मी कंपासला पेन्सिल लावून तेच केले. एक टोक भिंतीवरून सरकवत नेले, तशी पेन्सिलने फळीवर भिंतीचा प्रत्येक फुगवटा उतरवला, आणि त्या रेघेपर्यंत रंधा मारल्यावर फळी अशी चिकटून बसली की मध्ये पोस्टकार्डही जाऊ नये.

आडव्या पट्टीला मात्र मुद्दाम अर्ध्या सुताची फट ठेवली आहे. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा अगदी कोरडी असते आणि लाकूड आकसलेले असते. उन्हाळ्याच्या दमटपणात ते रुंदीत फुगणार, जशी तुमच्याकडची दारे आषाढात चौकटीत अडकतात. म्हणून तिला फक्त वरच्या कडेने खिळे मारले आहेत, खालची कड मोकळी आहे.

काल पहिल्यांदा दोन तास आग ठेवली. मॅन्टलच्या खालच्या बाजूला तळहात लावून पाहिला, फळी जेमतेम कोमट होती.

आता एकच अडचण उरली आहे. डावीकडच्या कोपऱ्यातला पंचेचाळीस अंशांचा जोड वरच्या टोकाला दोऱ्याएवढा उघडला आहे. रंगापूर्वी लांबी (पुट्टी) भरून भागेल, की हवामान बदलल्यावर ती तडकून बाहेर येईल? अण्णांना विचारून कळव. तोवर मी अस्तराचा हात मारत नाही. आणि त्यांचा तो छोटा, एका हाताचा रंधा कोणी वापरत नसेल, तर त्याबद्दलही जरा सांभाळून विचार.

तुझाच मित्र