यझ्दचे बादगीर दाखवलेत, आता तिथली माणसंही दाखवा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

रविवारच्या पुरवणीतला इराणच्या यझ्द शहरावरचा लेख वाचला, फोटो मस्तच आहेत, दौलताबाद बागेतला ३३ मीटर उंच बादगीर, म्हणजे वरचा वारा पकडून घरात गारवा आणणारा मनोरा, तर नुसता बघत बसावं असा. पण लेख संपला तरी या शहरात कोण राहायचं, कशावर जगायचं, कर कोण भरायचं याचा पत्ताच नाही, ते खटकलं म्हणून लिहितेय.

वाळवंटातलं शहर, पाऊस नावालाच, पाणी येणार ते कनातींतून म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून खणत आणलेल्या बोगद्यांतून, आणि तेही वेळ मोजून वाटायचं. नुसत्या शेतीवर कसं भागणार, म्हणून विणकाम आणि व्यापार वाढला, मार्को पोलोनेही इथल्या रेशमी कापडाचं नाव घेतलंय.

पण लेखात ज्या बादगीरांचं एवढं कौतुक आहे ते बांधायची परवानगी यझ्दच्या सगळ्यांना नव्हतीच हो! एकोणिसाव्या शतकात, इराणच्या कजार घराण्याच्या राजवटीत, तिथल्या झरथुष्ट्री लोकांना, म्हणजे आपल्या पारशांच्याच धर्माच्या लोकांना, घरावर बादगीर नको, भिंत उंच नको, घोड्यावर बसायचं नाही, असे नियम होते, ज्यूंचेही हाल तसेच. म्हणजे भर उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या घरात गार वारा आणि यांच्या घरात भट्टी, फक्त धर्म वेगळा म्हणून. वर जिझिया कर होताच आणि वसूल करणारे अधिकारी ठरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त उकळायचे.

आणि इथे आपल्या मुंबईचा थेट संबंध येतो, तो लेखात एका ओळीतही नाही याचं खरंच वाईट वाटलं. १८५४ साली मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हतारिया यांना तिकडे पाठवलं, त्यांनी आधी झरथुष्ट्री माणसं मोजली, यझ्द आणि आसपासच्या गावांत ती जेमतेम साडेसहा हजार उरली होती, मग शाळा काढल्या, पडकी अग्निमंदिरं दुरुस्त केली आणि तेहरानच्या दरबारात वर्षानुवर्षं चकरा मारल्या. शेवटी १८८२ मध्ये इराणचा राजा नासिरुद्दीन शाहने झरथुष्ट्रींवरचा जिझिया रद्द केला. एवढ्या चिकाटीचा माणूस शाळेच्या पुस्तकात पण नाही. पुढे १९०६ ला इराणची पहिली मजलिस म्हणजे संसद भरली तेव्हा झरथुष्ट्रींचे प्रतिनिधी म्हणून गेलेले अरबाब जमशीद हे यझ्दचेच, सावकारी पेढी चालवणारे.

कर गेला तरी जाच काही एका दिवसात थांबला नाही, गरिबी होतीच, म्हणून यझ्द आणि इराणमधल्याच केरमान शहराकडची माणसं मुंबईला येत राहिली. आपण ज्यांना इराणी म्हणतो, कोपऱ्यावरचं हॉटेल, बेकरी, डहाणूकडच्या चिकूच्या वाड्या, त्यातली कितीतरी कुटुंबं मूळची तिकडचीच.

तर विनंती एवढीच की लेखाचा दुसरा भाग करा, आणि तो करताना मुंबई-पुण्यातल्या इराणी घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना भेटा, त्यांचे आजी-आजोबा कुठल्या गावाहून, कोणत्या वाटेने, का निघाले ते त्यांच्याच तोंडून छापा. ही मंडळी आता थोडीच राहिलीत, तेव्हा जरा लवकर करा.

आपली,
एक नियमित वाचक, ठाणे