घोट्यावरची गाठ आणि केईएमच्या डॉक्टर मॅडम

आदरणीय डॉक्टर मॅडम,

केईएमच्या सर्जरी ओपीडीत तुमच्यासमोर रोज इतके पेशंट येतात, की घोट्यावर लिंबाएवढी गाठ घेऊन आलेला बेस्टचा कंडक्टर तुमच्या लक्षात असेलच असं नाही. तरी हे पत्र तुम्हालाच.

उभ्याने ड्यूटी आणि बुटाची कड नेमकी गाठीवर घासायची. एकदा एका दवाखान्यात सुईने पाणी काढलं होतं, पण गाठ पुन्हा भरली. पुन्हा भरली म्हणजे कॅन्सरच, असं आम्ही नवरा-बायकोने मनात धरलं. त्यात येताना टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर पथारी टाकून बसलेली बाहेरगावची कुटुंबं पाहिली. बायको तर बोलेनाशीच झाली होती.

तुम्ही आधी दिवा बंद केलात. मोबाइलचा टॉर्च गाठीला लावलात आणि म्हणालात, "बघा, उजेड आरपार जातोय. आत जेलीसारखं पाणी आहे. सोनोग्राफी करू, काढलेली गाठ तपासायलाही पाठवू, पण ही गँग्लियनच वाटते, म्हणजे सांध्याजवळ होणारी साधी गाठ, कॅन्सरची नव्हे." लालसर उजळलेली गाठ तुम्ही बायकोलाही दाखवलीत, आणि आमचा जीव भांड्यात पडला.

मग केसपेपरच्या मागे चित्र काढलंत. गाठीचा देठ सांध्याच्या आवरणापर्यंत जातो; सुईने पाणी निघतं, देठ राहतो, म्हणून ती परत भरते. ऑपरेशनमध्ये देठासकट काढायची. तरीही काहींना परत होते, हे लपवलं नाहीत. पावलाच्या वरच्या बाजूला स्पर्श कळवणारी नस गाठीला खेटून जाते, ती जपू, पण थोडा बधिरपणा राहू शकतो, हेही सांगितलंत. मागची रांग मला दिसत होती. सहीसाठी नुसता कागद पुढे केला असतात तरी मी केली असती.

ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन झालं, काही कळलं नाही. खरी परीक्षा नंतर. जुलैचा पाऊस, चाळीतला सामाईक संडास आणि ड्रेसिंग कोरडं ठेवायचं! ते बायकोने सांभाळलं. टाके काढायला आलो, तेव्हा तुमची रात्रपाळी संपली होती. तरी थांबून रिपोर्ट वाचून दाखवलात. कॅन्सर नाही.

अंगठ्याजवळ थोडी जागा अजून बधिर आहे. तुम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून भीती वाटत नाही. आता बूट घालून पूर्ण पाळी करतो.

मॅडम, मनापासून आभार. बायकोनेही नमस्कार सांगितला आहे.

आपला,
बेस्टचा एक कंडक्टर