फुटपाथवरची खुर्ची

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
5 सप्टेंबर 2024

प्रिय सुध्या,

हे फोनवर सांगून जमलं नसतं. फोनवर तू "हं, हं" करत ऑफिसच्या मेल वाचतोस, ते मला इथे गावात बसून ऐकू येतं. म्हणून पत्र. तब्येती ठीक. आईचा गुडघा तसाच, बाबांची शुगर काठावर, तरी पोळ्याला पुरणपोळी सोडली नाही. माझी पाठ दुखते. संपलं.

ते अमेरिकेतल्या बोस्टनवाल्यांचं काम अजून चालू आहे. रस्त्यावर टाकून दिलेलं फर्निचर शोधायचं अ‍ॅप. दिवाळीत तू त्याला "भंगाराचं झोमॅटो" म्हणाला होतास, आणि तेव्हापासून मला ते दुसऱ्या कुठल्या नावानं आठवतच नाही, धन्यवाद. तर आधी बोस्टनचं ऐक, म्हणजे माझं डोकं कुठे अडकलंय ते कळेल.

गाव विद्यार्थ्यांचं. तिथले बहुतेक भाडेकरार 31 ऑगस्टला संपतात आणि 1 सप्टेंबरला नवे सुरू होतात. म्हणजे एकाच दिवशी अर्धं गाव घर बदलतं. टेबलं, दिवे, कपाटं, सोफे सगळं फुटपाथवर. ऑलस्टन नावाच्या भागात तर या दिवसाला 'ऑलस्टन ख्रिसमस' म्हणतात. शिवाय दरवर्षी कुणीतरी सामानाचा उंच ट्रक नदीकाठच्या स्टॉरो ड्राइव्हवर घालतो आणि तिथल्या बुटक्या पुलाखाली ट्रकचं छप्पर सोलून निघतं. बोर्ड लावलेत, तरी. आपला पम्या तिकडे असता तर दरवर्षीचा तो 'कुणीतरी' तोच असता.

यंदाची 1 सप्टेंबर म्हणजे आपली पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी. त्यांची सकाळ ती आपली संध्याकाळ. बाबा गोठ्यात बैलाच्या खांद्याला कोमट तूप-हळद चोळत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या" चाललं होतं, आणि मी ओसरीत मांडीवर लॅपटॉप घेऊन, मोबाइलच्या नेटवर. नकाशावर एकेक लाल पिन उगवायला लागली. बाबा पिवळे हात घेऊनच माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"हे लाल-लाल काय होय?"

"लोकं सामान टाकून चालले."

"पूर आला का तिकडं?"

"नाही, भाडेकरार संपला."

"मंग संगं काहून नाई नेत?"

म्हटलं, न्यायचं भाडं सामानाच्या किमतीहून जास्त पडतं. त्यावर बाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मंग घेतलंच काहून?" हा प्रश्न मी क्लायंटला विचारलेला नाही.

आता तुला माझी हुशारी सांगतो, कारण इथे ती ऐकायला कोणी नाही. सोफा रस्त्यावर आला हे कळणं सोपं आहे. तो तिथून गेला हे कळणं महाकठीण. ज्यानं उचललं तो 'नेलं' हे बटण दाबतच नाही. कसं दाबेल? त्याच्या दोन्ही हातांत टेबल असतं. आणि एकदा टेबल घरी गेलं की त्याला जगाशी काय घेणं? म्हणून मी उलटं केलं. त्या जागेजवळून जो जाईल त्याला विचारायचं, दिसतंय का अजून? दोघांनी 'नाही' म्हटलं की पिन गायब. शिवाय पिन तासातासाला आपोआप फिकी पडत जाते, पाऊस असला की दुप्पट वेगानं, कारण तिकडचं स्वस्त फर्निचर भुशाच्या बोर्डाचं. पाणी लागलं की कडा फुगतात आणि स्क्रू पकड सोडतात. फोटो सक्तीचा, कारण मोकळ्या आभाळाखाली फोनचं लोकेशन पाचेक मीटरपर्यंत बरोबर असतं, पण उंच इमारतींत सिग्नल भिंतींवर आपटत येतो आणि पिन पलीकडच्या गल्लीत जाऊन बसते. घराचा नंबर दाखवायचा नाही, जवळचा चौक दाखवायचा. नाहीतर कोण घर सोडून चाललंय याची यादी चोरांना आयती.

गाद्या तर मी काढूनच टाकल्या. ढेकूण. तिकडे पालिकेची माणसं ढेकणाच्या गाद्यांवर सावधानतेचे स्टिकर चिकटवतात. रक्त मिळालं नाही तरी तो प्राणी महिनोन्महिने जगतो. क्लायंट कुरकुरला, आई मात्र म्हणाली, "त्याईले म्हना, मे महिन्यात गाद्या घेऊन दारव्ह्याले या. एका दुपारी साफ."

इथवर झकास होतं. मग मंगळवारच्या कॉलवर ते म्हणाले, पुढचं शहर पुणे. विद्यार्थ्यांचं गाव, सारखी घरं बदलतात, आणि डिझायनर लोकल आहे. लोकल म्हणजे मी. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मान मोडून घेतल्यावर पुणं येतं, हे त्यांच्या नकाशात दिसत नाही. पुण्याचं सगळं काम माझ्याकडे, आणि पैसे आतापेक्षा बरेच जास्त. सोयाबीनचा हमीभाव यंदा क्विंटलला 4,892 आणि बाजार समितीत त्याच्या खालीच बोली, त्यात पोळ्याच्या पावसानं उभं पीक झोडपलं. तेव्हा मी काय सांगतोय ते चैनीचं दुखणं समजू नकोस. पण रात्री झोप लागत नाही.

झालं असं की मी आधी एक गंमत केली. काकाच्या पोट्ट्यांना मोबाइल दिला आणि म्हटलं, गावात जे जे टाकून दिलेलं दिसेल त्याचे फोटो काढून आणा. अ‍ॅपला कच्चा माल. पोट्टे तासाभरात परत. फोटोत काय? ग्रामपंचायतीपुढचा एका पायाचा बाक, ज्याच्या दुसऱ्या बाजूला विटा आहेत आणि ज्यावर अख्खं पॅनल बसून ठरतं. मारुतीच्या पाराजवळची खुर्ची, पाठ नाही, बसायला पोत्याचा तुकडा सुतळीनं शिवलेला. ती गजाननच्या सलूनची 'वेटिंग'. रंगनाथ आजोबांच्या बंडीचं चाक. आणि शेवटचा फोटो आपल्या अंगणातल्या बाजेचा, वर बाबा झोपलेले. खाली पोट्ट्यानं टाइप केलेलं: 'मोफत. चालू हालत.'

बाबांना दाखवला. हसले आणि म्हणाले, "मले बी टाका नकाशावर, पण पावसात लौकर फिक्का पडीन."

त्या हसण्यात माझ्या डोक्यात जे शिरलं ते निघेना. आपल्या गावात खरंच टाकून दिलेली वस्तू एकच: माणूस गेल्यावर त्याचं अंथरूण. ते गावाबाहेर टाकतात आणि त्याला कोणी हात लावत नाही. बाकी सगळ्याला मालक आहे. खुर्ची जितकी मोडकी, तितका तिचा मालक पक्का. आता पुण्याचा फुटपाथ आठव. झाडाखाली तारेनं बांधलेली प्लास्टिकची खुर्ची दिसली, तर बोस्टनचा माणूस म्हणेल, फुकट. ती पंक्चरवाल्याची असते. एटीएमबाहेरचं स्टूल सिक्युरिटीचं. रिक्षा स्टँडवरचा फाटका सोफा तर अख्ख्या युनियनचा. माझ्या अ‍ॅपला फोटोत हे कसं दिसणार? मोडकं आहे हे दिसेल, कोणाचं आहे हे नाही दिसणार. पहिल्याच आठवड्यात दोन इंजिनीअरिंगची पोरं पंक्चरवाल्याची खुर्ची उचलतील आणि तो टायर लिव्हर घेऊन मागे धावेल.

आणि जे खरंच टाकलेलं असतं, त्याच्यावरही आधीच नंबर लागलेले. आधी कामवाली मावशी, मग वॉचमन, मग भंगारवाला. सकाळी कचरा घेऊन जाणाऱ्या ताईंचंच बघ ना. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून आहे, पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. घरोघरचा कचरा त्या उचलतात आणि त्यातलं विकण्याजोगं त्यांचं. ती काही वरकमाई नाही, पोटाचाच भाग आहे. लोखंडी कॉट किलोवर जाते, ती रस्त्यावर टिकतच नाही. उरतं काय? फाटका सोफा आणि फुगलेलं प्लायवूड. म्हणजे अ‍ॅप चालवायचं तर चांगली वस्तू या लोकांच्या आधी कोणीतरी गाठायला हवी. कोण गाठणार? ज्याच्याकडे फोन, नेट आणि रिकामा वेळ आहे तो. म्हणजे कर्वेनगरच्या खोलीतले आपण.

आता तू आपण तेव्हा उचलून वर आणलेल्या त्या टेबलाचा विषय काढणार, मला माहीत आहे. काढ. ते टेबल गेटबाहेर होतं, गेटच्या आत नव्हतं, आणि जिंतूरच्या काकांनी त्याच्यावर काही नाव लिहिलं नव्हतं. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. तू मध्यरात्री ते एकट्यानं खाली नेऊन ठेवलंस आणि मला सकाळी कळलं, यात सगळ्यात वाईट काय होतं माहीत आहे? माझी डिझाइनची वही त्याच्या खणात राहिली होती. ती त्या टेबलाबरोबर जिंतूरला गेली. त्यांच्या पोरीनं तिच्यात पाढे लिहिले असतील तर ठीक.

तू म्हणशील, मग काम सोड. सोडायला काय, पण माझ्याऐवजी दुसरा कोणी करेल आणि त्याला तर पंक्चरवाला ठाऊकही नसेल. एक पर्याय मी मांडून पाहिला: पिन टाकायच्या आधी एक स्क्रीन, 'आसपासच्या कोणाला विचारलंत का?' ते म्हणाले, एक स्क्रीन वाढवला की माणसं अ‍ॅप बंद करून जातात. खरं आहे, मीच त्यांना हे शिकवलंय. दुसरा पर्याय: रस्त्यावरचं काही नकोच, ज्याची वस्तू आहे त्यानंच घरातून फोटो टाकावा. त्यावर उत्तर, हे तर फ्रीसायकल नावाची साइट 2003 पासून करतेय, आपण नवीन काय देतोय? शिवाय पुणेकर घरातून वस्तू देईल तेव्हा खाली पाटी असेल, 'फुकट आहे म्हणून दोनदा बेल वाजवू नये.' हे मी त्यांना इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. कोणी हसलं नाही.

तिसरा पर्याय मला आवडतो: अ‍ॅप वॉचमन आणि कचरावाल्या ताईंच्याच हातात द्यायचं. वस्तू त्या टाकतील, पोहोचवतील, पोहोचवायचे पैसे घेतील. फुकट वस्तूचे नाही, ओझ्याचे. पण त्यात बोस्टनवाल्यांना काय मिळणार, ते मला अजून मांडता आलेलं नाही, आणि सोमवारी उत्तर द्यायचंय.

तुझं कसं चाललंय? फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींच्या प्रमोशनचं कळलं, माझ्याकडून अभिनंदन सांग. ओवी शाळेत रडते का अजून? तुझ्या त्या साहेबाचं पुढे काय झालं ते सविस्तर लिही, मला त्यात खरंच रस आहे. बरं, ते राहू दे.

माझं एक काम कर. रविवारी सकाळी तुमच्या सोसायटीच्या गेटवर तासभर उभा राहा. पेपर घेऊन उभा राहा, म्हणजे वहिनी काही म्हणणार नाहीत. काय बाहेर येतं, कोण हात लावतं, कोण कोणाला विचारतं, ते बघ. वॉचमनशी गप्पा मार, तुला ते जमतं, मला कधीच जमलं नाही. आणि रात्री नऊनंतर फोन कर, आधी इथे लाइनचा भरोसा नाही. मेल बंद करून कर.

परवा गणपती. आईनं पोळ्याच्या करंज्या तुझ्यासाठी बाजूला काढल्या होत्या, त्या आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवतोय. ड्रायव्हरचा नंबर व्हॉट्सअ‍ॅप करतो, सकाळी साडेसहाला तो वाट बघत नाही. डबा स्टीलचा आहे, परत पाठव. मागचाही.

तुझा,
बाळ्या